पगार कापणारा पत्ता

आमच्या मजल्यावरचा एक मुलगा मध्यंतरी बायोडेटा दाखवायला आला. बी.कॉम., टॅली येतं, जीएसटीचा कोर्स झालेला, दोन वर्षं एका सीएकडे काम केलेलं. सगळं नीट. फक्त पत्ता भलताच. घाटकोपर पूर्व.

"हा कुणाचा पत्ता रे?"

"मामाचा. काका, बदलापूर लिहिलं की फोनच येत नाही."

त्याची आई मागे उभी होती. तिला हा खोटेपणा पटला नव्हता, म्हणून तर तिने त्याला माझ्याकडे धाडलं होतं. मी त्याला चार शब्द सुनवावेत अशी तिची अपेक्षा. पण मी स्वतः बावीस वर्षं बदलापूरहून फोर्टला गेलोय. "राहता कुठे?" या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तो आधी मनातल्या मनात रेल्वेचा नकाशा उघडतो. मग म्हणतो, "लांब पडेल हो तुम्हाला." त्याच्या पोटात असतं ते वेगळंच: पावसात येईल का, साडेसहानंतर थांबेल का, आणि सहा महिन्यांत कंटाळून सोडून तर नाही ना जाणार.

पत्त्यामुळे नोकरी हुकते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पत्त्यामुळे पगार कसा कमी होतो, आणि तोही जे कधी गाडीत चढतच नाहीत त्यांचा, हे समजायला मला मात्र बरीच वर्षं लागली.

आधी गावाची ओळख. बदलापूर मध्य रेल्वेवर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. २००१च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर किती इमारती उठल्या ते मोजायला कुणी आलेलं नाही, कारण पुढची जनगणना थेट २०२७ची. पश्चिम रेल्वेवर नालासोपारा-विरारची कथा तीच, फक्त आकडा मोठा: वसई-विरार महानगरपालिका २००९मध्ये झाली आणि दोनच वर्षांनी तिची लोकसंख्या १२ लाखांवर मोजली गेली. याच दहा वर्षांत कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा चक्क आटला. ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली. पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता, त्या अखंड ठाणे जिल्ह्याची वस्ती ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली.

माणसं बाहेर सरकली. कामं त्या मानाने सरकली नाहीत. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या, गिरणगावातल्या जमिनींना सोन्याचा भाव आला, आणि त्याच लोअर परळला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पुढे वांद्र्याला बीकेसी हे ऑफिसांचं नवं केंद्र आलं, अंधेरी-सीप्झचा पट्टा फुगला, ऐरोलीला आयटीवाले आले. म्हणजे नोकऱ्या गेल्या नाहीत, फक्त त्यांची जात बदलली. आणि ज्याला त्या नोकऱ्या करायच्या त्याला जिथे घर परवडतं ती जागा मात्र दर पाच-दहा वर्षांनी एक-दोन स्टेशनं पुढे गेली. डोंबिवली, मग अंबरनाथ, मग बदलापूर. आता वांगणी, शेलू, नेरळ.

घर आणि काम यांच्या या विजोडावर पहिल्यांदा नीट बोट ठेवलं ते जॉन केन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने, १९६८मध्ये. त्याने डेट्रॉइट आणि शिकागो पाहिलं. तिथे चित्र आपल्या उलटं होतं. कारखाने शहराबाहेर चालले होते आणि काळ्या लोकांना बाहेरच्या वस्त्यांमध्ये घर मिळू दिलं जात नव्हतं, त्यामुळे ते जुन्या शहराच्या पोटात अडकले. केनचं म्हणणं साधं होतं: या लोकांमध्ये बेकारी जास्त दिसते ती सगळीच शिक्षणाच्या किंवा मेहनतीच्या अभावामुळे नाही. काम एकीकडे आणि माणूस दुसरीकडे ठेवलाय, त्याचाही तो परिणाम आहे. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. दिशा आपण उलटी करायची, गरीब बाहेर आणि काम आत, की बाकीचं बरंचसं आपल्याला लागू पडतं.

बरंचसं. सगळं नाही. केनच्या लोकांकडे बदलापूर लोकल नव्हती. आपल्याकडे सेकंड क्लासचा मासिक पास अजूनही काही शे रुपयांत निघतो, जगात इतक्या स्वस्तात माणूस इतका लांब फार ठिकाणी नेत नसतील. त्यामुळे अनेकांना वाटतं की मुंबईत हा प्रश्न सुटलेला आहे. रेल्वे आहे, पास स्वस्त आहे, जा की कामाला! खरी मेख इथेच आहे. पास स्वस्त आहे, प्रवास नाही.

हिशोब करून बघू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण आमच्या बिल्डिंगमध्ये फिरून विचारलं तर याच्या आसपासच निघतील. समजा आमच्याकडच्या एका मुलीला लोअर परळला हातात २२,००० रुपये देणारी नोकरी आहे. महिन्याचे २६ दिवस, रोज नऊ तास. झाले २३४ तास. तासाला ९४ रुपये पडले.

आता घरातून निघायच्या वेळेपासून मोजा. शेअर रिक्षाने स्टेशन, गाडीची वाट, दादरपर्यंत उभ्याने, पूल चढून पश्चिम रेल्वे, तिथून पुन्हा गर्दी, मग पायी. सव्वादोन तास. येताना तितकेच. दिवसाला साडेचार, महिन्याला ११७ तास. पास, दोन्ही टोकांच्या रिक्षा, चहा, डबा विसरला त्या दिवसाचा वडापाव मिळून ३,००० रुपये गेले असं धरू. उरले १९,००० रुपये आणि तास झाले ३५१. तासाला ५४ रुपये.

तीच मुलगी बदलापूर स्टेशनजवळच्या दुकानात किंवा दवाखान्याच्या काउंटरवर बसली तर? पगार १४,०००. तास तेच २३४, वर चालत जाण्या-येण्याचे रोजचे तीस मिनिटं धरून २४७. भागाकार करा. ५७ रुपये येतात.

कागदावर ८,००० रुपयांनी लहान असलेली नोकरी तासाच्या हिशोबात तीन रुपयांनी मोठी निघाली. हा भागाकार कुणी कागदावर करत नाही. पण "परवडत नाही गं मुंबईला जायला" असं जेव्हा एखादी बाई जिन्यात उभी राहून म्हणते तेव्हा तिने तो मनात केलेला असतो, आणि बरोबर केलेला असतो. तिला महत्त्वाकांक्षा नाही, बदलापूरच्या मुली घरकोंबड्या, असलं काही बोलणाऱ्यांनी आधी तो करून बघावा.

आता दुकानाच्या मालकाच्या बाजूने विचार करा.

खेडेगावात कांद्याचा एकच व्यापारी येत असेल तर भाव कोण ठरवतो? व्यापारी. शेतकऱ्याला लासलगावला नेऊन जास्त भाव मिळेल हे दोघांनाही माहीत असतं, पण टेम्पोचं भाडं, एक दिवस मोडणं आणि तिथलं ताटकळणं वजा केलं की जे उरतं त्याच्यापेक्षा चार पैसे जास्त दिले तरी व्यापाऱ्याचं काम भागतं. लासलगावच्या भावाशी त्याला स्पर्धा करावीच लागत नाही. लासलगावच्या भावातून रस्त्याचा त्रास वजा करून जे उरतं, त्याच्याशीच त्याची स्पर्धा.

नोकरीच्या बाजारात मालक हा गिऱ्हाईक असतो आणि आपण माल. आमच्या स्टेशनजवळच्या मालकाला २२,०००शी झुंजायचं नाही. त्याला फक्त लोकल, पूल, घाम आणि साडेचार तास वजा करून उरलेल्या रकमेशी झुंजायचंय. म्हणून तो १४,००० देतो आणि त्याला माणसं मिळतात. तो दुष्ट असतो असं नाही. माझ्या ओळखीतले दोन-तीन चांगले भले आहेत, दिवाळीला बोनस देतात, कुणाचं लग्न असलं की उचल देतात. पण अंतराने त्यांच्या पदरात एक सवलत टाकलेली आहे, ती ते घेतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मजुरी ठरवण्याची ताकद मालकाकडे असणं म्हणतात आणि तिथे उदाहरण सहसा एकट्या खाणीच्या किंवा एकट्या कारखान्याच्या गावाचं असतं. बदलापुरात मालक शंभर आहेत, तरी सगळे मिळून त्या एका खाणीसारखे वागू शकतात, कारण बाहेरचं दार जड आहे.

हेच उलट करून पाहा. समजा उद्या प्रवास साडेचार तासांवरून दोन तासांवर आला. मुंबईच्या नोकरीचे एकूण तास २८६ होतात आणि तासाला ६६ रुपये पडू लागतात. मग दुकानातल्या मुलीला तिथेच राखायचं तर मालकाला १६,४००च्या आसपास जावं लागेल. चोवीसशे रुपयांची पगारवाढ, आणि तिने अजून गाडीत पाऊलही ठेवलेलं नाही! नवा ट्रॅक, जादा गाड्या, वेळेवर चालणारी बस यांचा फायदा मोजताना आपण फक्त गाडीतली डोकी मोजतो. दुकानात उभी असलेली ती मुलगी त्या मोजणीत कुठेच नसते.

मग इतके लोक तरी पहाटेपासून फलाटावर का असतात, असा प्रश्न येतो. कारण बँकेचा हप्ता तासावर नसतो, महिन्यावर असतो. १३,००० हप्ता असेल तर १४,००० पगाराचा काही उपयोग नाही, तासाला कितीही पडो. आणि दुसरं, मुंबईच्या नोकरीला पायऱ्या असतात. पाच वर्षांनी ती २२ची ३५ होऊ शकते, दुसरी कंपनी शेजारच्या इमारतीत असते, लंचला भेटलेला माणूस सांगतो की आमच्याकडे जागा आहे. दुकानातल्या १४चे पाच वर्षांनी १७ होतात. फारच झालं तर चाव्या तुमच्याकडे येतात. एका घरातला एक जण गाडीत आणि एक जण स्टेशनजवळ, ही आमच्याकडची नेहमीची वाटणी. गाडीतला कोण आणि स्टेशनजवळची कोण हे सांगायची गरज नसावी.

बायकांचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या सगळ्याचा भार तिथेच जास्त पडतो. शहरी भारतात १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २०२३-२४ मध्ये साधारण २८ टक्केच कामात किंवा कामाच्या शोधात होत्या. त्यामागे पुष्कळ कारणं आहेत, पण बाहेरच्या उपनगरात एक कारण ठळक दिसतं: बाईकडे साडेचार तास नसतातच. माझी स्वतःची वहिनी लग्नाआधी परळला राहायची आणि बॅलार्ड पियरला एका शिपिंग एजंटकडे खाती बघायची. बदलापूरला आल्यावर तिने तीन वर्षं रेटलं. पहाटे पावणेपाचला उठून दोन डबे, सहा-अठ्ठावीसची गाडी, रात्री पावणेआठला परत. मुलगा झाला, आणि पाळणाघर सातला बंद व्हायचं. तो पाऊण तास कुणीच भरून देऊ शकलं नाही. आज ती स्टेशनजवळच्या तीन दुकानांचा जीएसटी भरते, संध्याकाळी अकाउंट्सच्या शिकवण्या घेते. मिळून जे येतं ते तेव्हाच्या पगाराच्या निम्म्याला कसंबसं टेकतं, मधल्या वर्षांतली महागाई सोडूनच द्या. सरकारी व्याख्येत ती बेकार नाही. आठवड्यात एक तास जरी काम केलं तरी त्या आठवड्याच्या मोजणीत माणूस रोजगारात धरला जातो. त्यामुळे उपनगराचा हा तोटा बेकारीच्या आकड्यात शोधायला गेलात तर फारसा सापडणार नाही. तो सापडतो तो जितकं येतं त्याहून खालचं काम करणाऱ्यांत. खाती बघणारी बाई शिकवण्या घेतेय, आयटीआय झालेला फिटर डिलिव्हरी करतोय.

पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली, ती या दाराचं वजन थोडं कमी करायचा प्रयत्न होता, आणि चांगला होता. पण गाडीतून उतरल्यावर पुढे काय? रात्री सव्वानऊला पूर्वेला उतरून एक किलोमीटर आतल्या नव्या कॉम्प्लेक्सला जायचं, तर रिक्षात चौथी सीट भरेपर्यंत थांबा नाहीतर अंधारातून चाला. नवी इमारत जितकी स्वस्त तितकी स्टेशनपासून लांब, आणि जितकी लांब तितका दिवा कमी. इथल्या बायका नोकरी धरताना पगारानंतर पहिला प्रश्न विचारतात तो सुटायच्या वेळेचा.

नोकरी शोधण्याचाही खर्च असतो, तो तर कुणी मोजतच नाही. अंधेरीला अकराचा इंटरव्ह्यू म्हणजे इथल्या माणसाची पूर्ण एक रजा. दादरचा मुलगा त्याच दिवशी दोन देऊन संध्याकाळी मित्रांबरोबर चहाला हजर असतो. दहा दिले की एक लागतो असं धरलं, तर आमचा मुलगा तिसऱ्या-चौथ्यालाच थकतो आणि मिळेल ते धरतो. २०२० नंतर पहिली फेरी ऑनलाइन व्हायला लागली तेवढा दिलासा. पण बहुतेक नोकऱ्या जाहिरातीने मिळत नाहीत, तोंडी मिळतात. आणि वेगाने वाढलेल्या गावात तोंडी सांगणारंच कुणी नसतं. गिरणगावच्या चाळीत काका गिरणीच्या साचाखात्यात, शेजारी कांडीखात्यात, म्हणून पोरगाही तिथेच बदली कामगार म्हणून चिकटायचा. इथे आमच्या इमारतीत २८ बिऱ्हाडं आहेत, सगळी सात वर्षांत आलेली. कोण कुठे कामाला आहे हे मला पाणी गेलं त्या दिवशी कळलं.

अंतर हीच मुख्य गोष्ट आहे का, की हे लोक मुळातच कमी शिकलेले आणि म्हणून मागे, असा वाद तज्ज्ञांमध्ये असतो आणि तो रास्त आहे. दोन्ही गोष्टी एकत्र येतात, वेगळ्या करता येत नाहीत. पण आमच्या वाट्याला एकदा त्याची परीक्षाच आली. मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाली. १५ जूनला ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. ऑफिसं हळूहळू उघडली, खासगी नोकरीवाल्यांना बोलावणं आलं, पण गाडीत चढायला मनाई. माणूस तोच, शिक्षण तेच, मालक तोच. बदलली ती एकच गोष्ट. २२ जुलैला नालासोपाऱ्यात एसटी मिळेना म्हणून लोक स्टेशनात घुसून रुळांवर उतरले. बायकांना २१ ऑक्टोबरपासून गर्दीच्या वेळा सोडून परवानगी मिळाली, सगळ्यांना १ फेब्रुवारी २०२१पासून, तीही ठरावीक वेळांत. एप्रिलमध्ये पुन्हा दार बंद, आणि १५ ऑगस्टला दोन डोस झालेल्यांसाठी उघडलं. या काळात आमच्या भागातल्या कितीतरी जणांनी एसटीच्या रांगेत चार-चार तास काढले आणि शेवटी काम सोडलं. माहीमला राहणारा त्यांच्याच टेबलाशेजारचा माणूस बेस्टच्या बसने जात राहिला आणि टिकला. अंतराचा वाटा किती, असं मला कुणी विचारलं की मी तो उन्हाळा-पावसाळा आठवून बघा म्हणतो.

पावसावरून आठवलं. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी होड्यांनी काढावे लागले. टीव्हीवर ते सगळ्या देशाने पाहिलं. आमच्या लोकांनी त्या आठवड्यात खाडे किती पडले ते पाहिलं. मुंबईतल्या मालकाच्या डोक्यात मात्र ते चित्र पक्कं बसलं: बदलापूर म्हणजे पाण्यात. मुलाखतीतला तो "लांब पडेल हो" तिथून येतो.

मग गावातच काम का नाही? इतकी माणसं, इतकी दुकानं, इतकी बांधकामं. काम आहे, पण कुठलं ते बघायला हवं. एक काम बाहेरचा पैसा गावात आणतं आणि दुसरं आलेला पैसा गावात फिरवतं. कारखाना, बंदर, मोठं ऑफिस, विद्यापीठ हे पहिल्या प्रकारचं. किराणा, केस कापणं, शाळा, दवाखाना, सिक्युरिटी, रिक्षा हे दुसऱ्या. वेगाने वाढणाऱ्या उपनगरात दुसऱ्या प्रकारचं काम वस्तीच्या मागोमाग आपोआप येतं, आणि ते बहुतेक कमी पगाराचंच असतं, कारण गिऱ्हाईक म्हणून जो आहे तोही हप्त्याखाली दबलेलाच आहे. बदलापूर बाहेर विकतं काय? माणसाचे तास. सकाळी पाठवतं, रात्री परत घेतं. बांधकामावरचे मजूर तर इथले नसतातच, ठेकेदार त्यांना बाहेरून आणतो आणि साइटवरच पत्र्याच्या खोल्यांत ठेवतो.

पहिल्या प्रकारचं काम इथे नव्हतं असं नाही. बदलापूर, अंबरनाथ, डोंबिवली तिन्हीकडे एमआयडीसी आहे. आमच्या वडलांच्या पिढीत "कंपनीत लागला" म्हटलं की मुलगी द्यायला हरकत नसे. कंपनी म्हणजे पर्मनंट, पीएफ, कॅन्टीन. कल्याणजवळ मोहोन्याचा रेयॉनचा कारखाना २००९ला बंद पडला आणि त्यावर उभं असलेलं अख्खं गाव ओस पडलं. बाकीच्या कंपन्यांत माणसं आता बहुतांश ठेकेदाराकडून घेतली जातात, बारा तासांची पाळी, आज आहे उद्या नाही. वर कारखान्यांच्या भिंतीला भिंत लावून इमारती उठल्या. डोंबिवलीत मे २०१६ आणि पुन्हा मे २०२४मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसं मेली, आणि धोकादायक कारखाने हलवा ही मागणी जोरात आली. ती चूक आहे असं कोण म्हणेल? पण कारखाना हलला की त्याच्या जागी येते ती आणखी एक इमारत, आणि तिच्यातली माणसंही सकाळी फलाटावरच येतात.

काम मुद्दाम बाहेर नेता येतं का, याचं उत्तर आपल्याच दारात आहे. १९७०मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली ती मुंबईला नवी मुंबई हे जुळं शहर द्यायला, घरांबरोबर कामही खाडीपलीकडे नेऊ म्हणून. मंत्रालय काही हललं नाही. घाऊक बाजार मात्र नेले, आणि नेले म्हणजे कायद्याने नेले, व्यापारी खुशीने गेले नाहीत. १९९२ला वाशीपर्यंत रेल्वे पोचली. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर २००४ला सुरू झाली, आयटीवाले ऐरोली-महापेला स्थिरावले. तीस-पस्तीस वर्षं लागली. आज आमच्याकडचे कितीतरी जण ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जातात आणि त्यांचं दादरच्या पुढे जाणाऱ्यांपेक्षा पुष्कळ बरं चाललंय.

म्हणून सीएसएमटी किती किलोमीटर हा प्रश्नच मला आता बिनकामाचा वाटतो. विचारायला हवं ते हे: माझ्या दारापासून पाऊण तासात किती मालक आहेत? दादरवाल्याला तीन दिशांना हजारो. बदलापूरवाल्याला रुळांच्या एका रेषेवर जेवढे येतील तेवढे. ही संख्या वाढवायची तर गाडी वेगवान करणं हा एकच मार्ग नाही, आडवे रस्ते हा दुसरा आहे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आणि पनवेल-कर्जत लोकल मार्ग यांची कामं काढली आहेत. बडोदा-मुंबई द्रुतगती मार्गासाठी माथेरानच्या डोंगराखालून बोगदा घेतलाय, तो बदलापूरला पनवेलच्या बाजूला जोडतो. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं. हे सगळं नीट जुळलं तर पाऊण तासाच्या वर्तुळात एकदम नवे मालक येतात. एक खोच मात्र लक्षात ठेवायला हवी. गाडी वेगवान झाली की भाडंही वेगाने चढतं. पगार वाढतो तो घरमालकाकडे जातो, आणि भाडेकरू पुढच्या स्टेशनवर सरकतो. रस्त्याबरोबर परवडणारं भाड्याचं घर ठेवलं नाही तर आपण फक्त वांगणीचं बदलापूर आणि नेरळचं वांगणी करत राहू.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला विंडम म्हणून भाग आहे, टार्निट वगैरे, तिथे आपली बरीच मराठी मंडळी घरं घेतात. २०२१च्या जनगणनेत वस्ती २ लाख ९० हजारांवर. माझा एक चुलतभाऊ तिथे असतो. घर चार बेडरूमचं, मागे अंगण, पण त्याची बायको तिकडे सांगते ते ऐकताना मला जिन्यातलीच बाई बोलतेय असं वाटतं. फक्त तिथे गर्दीच्या लोकलऐवजी अडकलेला हायवे, आणि एका घराला दोन गाड्या पोसायचा खर्च.

९ जुलै २०२५ला आझाद मैदानात गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले होते. त्यांना शेलू आणि वांगणीला घरं देऊ केलेली आहेत, ती नकोत, मुंबईत द्या, अशी मागणी. आमच्या डब्यात त्यावर बरीच टिंगल झाली. फुकटासारखी मिळतायत तर घ्या की, आम्ही नाही का राहत! मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ज्यांनी गिरणगावातल्या डिलाईल रोडवरून चालत गिरणी गाठली त्यांना घर आणि काम यांचं नातं आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांची नातवंडं आता नोकरीला लागायच्या वयात आहेत.

शेजारच्या मुलाचं पुढे काय झालं ते राहिलं. घाटकोपरच्या पत्त्यावर त्याला चार फोन आले, दोन मुलाखती झाल्या, एका ठिकाणी जमलंही होतं, पण तिथे आधारकार्ड मागितलं आणि गाडं अडलं. शेवटी त्याला पनवेलच्या बाजूच्या तळोज्याला एका गोदामाच्या हिशेबनिसाची जागा मिळाली. मोटारसायकलने जातो. साहेबाने विचारलं, राहता कुठे, तर हा बदलापूर म्हणाला, आणि साहेब म्हणाला, "मग जवळच की." त्याची आई पावसाळाभर रोज सकाळी गॅलरीत उभी असते, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत. तो रस्ता रात्री फार वाईट आहे म्हणते.